आतड्यांची जाण

(वर्धापनोत्सवातील व्याख्यान)



मराठी भाषेने माणसाच्या अंतःकरणाचे पुष्कळसे व्यवहार पोटात नेऊन ठेवले आहेत. भय वाटले की पोटात गोळा येतो. अशुभ वार्ता कानी पडली की पोटात कालवते. रक्ताच्या माणसासाठी आतडे तुटते. थोर मनाचा मनुष्य दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो. हे वाक्प्रचार ज्यांनी घडविले त्यांच्यापाशी शरीरशास्त्राची साधने नव्हती. त्यांनी आपल्या देहाचा अनुभव तेवढा प्रामाणिकपणे शब्दांत धरून ठेवला. त्या अनुभवाच्या मुळाशी आतड्यांच्या भिंतीत पसरलेली एक स्वतंत्र मज्जासंस्था आहे, हे शास्त्राला पुढे कळून आले. ही संस्था भय व शोक यांनी तर हलतेच. परंतु पोटात शिरलेल्या जंतूंना आणि त्यांच्यामुळे उठलेल्या दाहालाही ती ओळखते, त्यांना उत्तर देते आणि त्यांची आठवणही ठेवते, ही गोष्ट मुख्यतः गेल्या पंधरा-वीस वर्षांत उलगडली आहे. या उत्तराचे स्वरूप काय, ते हितकर कोठे आणि अहितकर कोठे, हा या व्याख्यानाचा विषय होय.

विषय दूरचा वाटण्याजोगा आहे; तथापि पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांतील घराघरांशी त्याचा संबंध आहे. पावसाळा लागला, नदीनाल्यांना गढूळ पाणी आले, विहिरीत वरचे पाणी झिरपले, की हगवण व ओकारी यांचे रुग्ण दिसू लागतात. बहुतेक चार-आठ दिवसांत बरे होऊन शेतावर, बगिच्यात, शाळेत परततात. काही थोडे मात्र पुरते बरे होत नाहीत. ताप गेला, जंतू गेले, तपासणीत काही निघेना. परंतु जेवण झाले की पोटात कळ येते, कधी शौचास घाईने जावे लागते, कधी दोन-दोन दिवस होतच नाही. महिने लोटतात. वैद्य थकतो, घरची माणसे थकतात, आणि अखेरीस "हे मनाचे खेळ आहेत" असा निकाल दिला जातो. ती व्यक्ती घरातील सून असेल तर कामचुकारपणाचा ठपकाही तिच्या वाट्याला येतो. हा निकाल न्याय्य आहे काय? आतड्यांतील मज्जासंस्थेचे जे ज्ञान आज उपलब्ध आहे, त्याच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर देता येते.

मज्जाजाल

माणसाचे लहान आतडे सहा-सात मीटर लांबीचे असते. त्याच्या भिंतीत, स्नायूंच्या थरांमध्ये व अस्तराखाली, मज्जापेशींची दोन जाळी विणलेली आहेत. अस्तराखालचे जाळे जर्मन शास्त्रज्ञ माइस्नर यांनी १८५७ साली वर्णिले. स्नायूंमधील जाळे त्यांचेच देशबांधव आउरबाख यांनी पुढील दशकात दाखविले. १८९९ साली बेलिस व स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्यावर प्रयोग केले. मेंदू व पृष्ठरज्जू यांच्याकडून येणारे सारे तंतू त्यांनी तोडून टाकले. तरीही अन्नाचा गोळा जेथे असेल त्याच्या मागे आतडे आकुंचन पावे, पुढे सैल पडे, आणि गोळा नेमका पुढेच सरके. वरून आज्ञा नसताना आतडे आपले काम जाणून करीत होते. याच कारणाने लँग्ले यांनी १९२१ साली आपल्या ग्रंथात या संस्थेला स्वतंत्र स्थान दिले. तिच्यातील मज्जापेशींची संख्या दहा कोटींहून अधिक मानली जाते. मेंदूशी तिचा संबंध व्हेगस नावाच्या दीर्घ मज्जातंतूने जोडलेला आहे, आणि त्यातील बहुसंख्य तंतू मेंदूची आज्ञा खाली आणणारे नसून पोटाची वार्ता वर नेणारे आहेत, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

एका अन्ननळीला एवढा कारभार कशासाठी, असा प्रश्न साहजिक उद्भवतो. त्याचे उत्तर आतड्यांच्या परिस्थितीत आहे. मानवी देहात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू नांदतात आणि त्यांतील बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात असतात. त्यांना रक्तमांसापासून वेगळे ठेवणारे अस्तर केवळ एका पेशीच्या जाडीचे आहे. त्याच अस्तरातून अन्नरस आत घ्यावयाचा आणि त्याच अस्तरापाशी शत्रूला अडवावयाचे, असे हे दुहेरी कर्तव्य आहे. गावचा कोतवाल जसा वेशीवरच्या प्रत्येक अनोळखी माणसासाठी तहसिलीचा हुकूम येईपर्यंत थांबत नाही, तद्वत् आतड्यांतील मज्जाजाल मेंदूची वाट पाहत नाही. ते जागच्या जागी निर्णय घेते आणि वार्ता मागाहून वर धाडते.

मोडशीचा धडा

या निर्णयाचे सर्वांत प्रखर उदाहरण भारताच्या, किंबहुना महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. पटकीच्या रोगाला मराठीत मोडशी असाही शब्द होता. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आहे. पोर्तुगीजांनी हा देशी शब्द आपल्या उच्चारात घेतला, आणि फ्रेंचांनी त्याचा कानाला भासला तसा 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ लावला. पुढे १८१७ साली बंगालात उसळलेली साथ मध्य हिंदुस्थानातील लष्करी छावण्यांतून १८१८ साली नागपुरास व पुढे मुंबईपर्यंत पोहोचली. हा मुलूख त्या काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होता. गावाच्या शिवेवर मरीआईचे ठाणे का असते, हे ज्यांना अशा साथींचा इतिहास ठाऊक आहे त्यांना निराळे सांगावयास नको.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात निश्चित केला. परंतु तो माणसाला मारतो कसा, हे कोडे पुढे पाऊणशे वर्षे सुटले नाही. १९५९ साली कलकत्त्याचेच डॉ. शंभुनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या वेटोळ्यात घातला आणि ते वेटोळे पाण्याने तुडुंब भरले. जंतू नव्हते, केवळ त्यांचे विष होते. आणि अस्तराला जखमही झालेली नव्हती. मग पाणी आले कोठून, आणि कोणाच्या सांगण्यावरून?

विष अस्तराच्या पेशींवर प्रत्यक्ष परिणाम करते, हा या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग होय. दुसरा भाग स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे लुंडग्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिला. प्राण्यांच्या आतड्यांतील मज्जातंतू औषधांनी बधिर केले की त्याच विषाने सुटणारे पाणी मोठ्या प्रमाणात कमी होई. म्हणजे ते पाणी नुसते गळत नव्हते. ते सोडण्याची आज्ञा दिली जात होती. अस्तरात विखुरलेल्या काही संवेदक पेशी विषाचा स्पर्श होताच सेरोटोनिन नावाचे द्रव्य सोडतात. ते द्रव्य मज्जातंतूंच्या टोकांना जागे करते. आणि अस्तराखालचे जाळे दूरदूरच्या पेशींना पाणी व क्षार सोडावयास सांगते. मुलांच्या हगवणीस कारण होणाऱ्या रोटाव्हायरसच्या बाबतीतही मज्जाजालाचा असाच सहभाग आहे, हे याच शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केले. तेच सेरोटोनिन व्हेगस तंतूच्या टोकांना डिवचते, तेव्हा वार्ता मेंदूच्या देठापर्यंत जाते आणि ओकारी होते. ओकारीवर आज दिले जाणारे ऑन्डॅन्सेट्रॉन हे औषध सेरोटोनिनचा हाच मार्ग अडविते.

यातील हेतू लक्षात घेतला म्हणजे रोगाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पाणी सोडून घाण धुऊन काढावी, हा आतड्यांचा उपाय मुळात शहाणपणाचा आहे. पटकीचे विष त्या उपायाला आवर घालू देत नाही, आणि तीव्र रोगात तासाला एक लिटरपर्यंत पाणी निघून जाते. माणूस मरतो तो या पाणी व क्षारांच्या तुटीने. सुदैवाने, या गोंधळातही साखर व मीठ मिळून आत घेणारे अस्तराचे द्वार उघडे राहते. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून पटकीने होणारे मृत्यू शेकडा सुमारे तीसवरून शेकडा चारच्या खाली आणले. पावसाळ्यात प्रत्येक घरात क्षारसंजीवनीची पुडी असावी असे जे सांगितले जाते, त्याच्या मागे हा इतिहास आहे.

तिखट आणि वेस

वऱ्हाड-नागपूरकडील तिखटाची सवय या तालुक्यांतील लोकांना नवी नाही. सावजी रश्श्यावरील तर्रीचा पहिला घास घेताच जिभेवर जो वणवा पेटतो, तो वास्तविक चवीचा प्रकार नसून वेदनेचा प्रकार आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य वेदनावाहक मज्जातंतूंवरील एका विशिष्ट ग्राहकाला चिकटते, आणि तोच ग्राहक प्रत्यक्ष उष्णतेनेही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हा ग्राहक १९९७ साली शोधून काढला आणि त्यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. असे तंतू जिभेप्रमाणेच आतड्यांच्या भिंतीतही पसरलेले आहेत.

हे तंतू केवळ रडगाणे वर पोहोचविणारे आहेत, असा समज फार काळ होता. १९१३ नव्हे, २०१३ सालापर्यंत तो टिकून होता, असे म्हटले तरी चालेल. त्या वर्षी अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की काही जीवाणूंची द्रव्ये वेदनातंतूंना थेट जागे करतात. त्यासाठी आधी दाह उठावा लागत नाही. पुढे २०२० साली उंदरांवरील प्रयोगांत याहून आश्चर्यकारक गोष्ट आढळली. लहान आतड्याच्या भिंतीत जागोजागी काही खास पेशी असतात. त्या बाहेरचे नमुने आत घेऊन संरक्षक पेशींना दाखवितात, म्हणून त्यांना तटाच्या वेशी म्हणता येईल. विषमज्वराच्या जंतूचे सगोत्र असे साल्मोनेला जीवाणू याच वेशींतून आत घुसतात. वेदनातंतू या जंतूंना ओळखून एक द्रव्य सोडतात आणि त्यामुळे वेशींची संख्या कमी होते. ज्या उंदरांचे हे तंतू निकामी केले होते, त्यांच्या अंगात जंतू अधिक प्रमाणात शिरले. २०२२ साली असेही दिसले की हेच तंतू अस्तरावरील श्लेष्मल आवरण वाढवून त्याचे रक्षण करतात. अर्थात यावरून मिरची अधिक खावी असे अनुमान कोणी काढू नये. दुखऱ्या आतड्याला तिखट सोसत नाही, हा अनुभव खराच आहे. अनुमान काढावयाचे ते इतकेच, की पोटातील वेदना हा नुसता त्रास नाही. तो पहारेकऱ्याचा हाकारा आहे, आणि हाकारा घालता घालता पहारेकरी वेसही लावून घेत असतो.

सोबतीचे जंतू

सर्व जंतू शत्रू नाहीत. किंबहुना मज्जाजालाची घडण व रोजची शिस्त सोबतीच्या जंतूंवर अवलंबून असते. जन्मापासून पूर्णपणे निर्जंतुक ठेवलेल्या उंदरांची आतडी मंद चालतात. त्यांच्यात जंतू सोडले की चाल सुधारते. लंडन येथील शास्त्रज्ञांनी २०२० साली दाखविले की मोठ्या आतड्यातील मज्जापेशी जंतूंच्या अस्तित्वाची खूण ओळखून आपला वेग ठरवितात. दुसऱ्या एका प्रयोगात, २०२१ साली, प्रतिजैविक औषधांनी उंदरांतील जंतू नष्ट करताच आतड्यांतील मज्जापेशींची संख्या घटली आणि जंतू परत वसल्यावर ती पुन्हा भरून आली. साध्या पातळ हगवणीवर स्वतःच्या मनाने प्रतिजैविकांच्या गोळ्या घेण्याची जी रीत पडली आहे, तिचा विचार या दृष्टीनेही झाला पाहिजे.

या बाबतीत मध्यप्रदेशातीलच एक संशोधन उल्लेखनीय आहे. भोपाळ येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भोपाळ व केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींच्या आतड्यांतील जंतूंचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. मुख्यतः वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या भोपाळकडील लोकांत प्रेव्होटेला या जातीच्या जंतूंचे प्राबल्य त्यांना आढळले. धान्याचा कोंडा, डाळी, पालेभाज्या यांतील न पचणारा भाग हे असले जंतू आंबवितात. आंबण्याच्या क्रियेतून जी आम्ले निर्माण होतात, त्यांतील ब्युटिरेट हे आम्ल आतड्यांच्या मज्जापेशींवर परिणाम करून चलन वाढविते, हे उंदीरवर्गीय प्राण्यांत २०१० साली दिसून आले. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, संत्र्याची सालीआतील पांढरी जाळी हा या भागाचा साधा आहार पोटातल्या या सोबत्यांचाही आहार आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

दाह आणि आवर

आता दाहाकडे वळावयाचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये होणारी गोटमार सर्वांना ठाऊक आहे. पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवलेले असते, दोन्ही तीरांवरून दगडांचा वर्षाव होतो, आणि शेकडो माणसे जखमी होतात. दगड मारणारे व दगड खाणारे परके नसतात. त्यांच्यात सोयरिकी असतात. दाहाची गोष्ट अशीच आहे. संरक्षक पेशी जंतूंवर जी तीव्र द्रव्ये फेकतात, त्यांना आपपर कळत नाही. त्यांचा मार आतड्याच्या स्वतःच्या पेशींनाही बसतो. मज्जापेशी तर फार नाजूक. एकदा मेलेल्या मज्जापेशीची भरपाई सुलभ नसते. म्हणून दाह जितका पेटणे आवश्यक, तितकाच तो वेळेवर शमणे आवश्यक असते.

हा आवर घालण्याच्या कामीही मज्जातंतूच पुढे येतात. केव्हिन ट्रेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांत व्हेगस तंतू विजेने चेतविला, तेव्हा जंतुविषामुळे रक्तात वाढणारे दाहकारक द्रव्य कमी झाले. आतड्यांच्या बाबतीत न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठातील संशोधन अधिक नेमके आहे. आतड्यांच्या स्नायुथरात, मज्जापेशींना लगटून, काही भक्षक पेशी राहतात. जंतूंचा संसर्ग होताच बाहेरून येणारे मज्जातंतू नॉरॲड्रेनॅलिन सोडतात, आणि या भक्षक पेशी लढाईचा पवित्रा टाकून रक्षण व डागडुजी यांकडे वळतात. हे २०१६ साली दिसून आले. २०२० साली त्याच प्रयोगशाळेने दाखविले की साल्मोनेलाच्या संसर्गाने उंदरांच्या आतड्यांतील मज्जापेशींचा काही भाग मरतो, आणि ही पडझड आटोक्यात ठेवण्याचे काम हेच भक्षक करतात. २०२१ साली तर असे आढळले की एकदा संसर्ग होऊन गेलेल्या उंदरांत पुढच्या, निराळ्या जंतूच्या संसर्गाच्या वेळी मज्जापेशींची हानी टळते. आतड्याने पहिल्या संकटाची आठवण ठेवली होती आणि त्या आठवणीचा उपयोग दुसऱ्या संकटात केला होता.

मागे उरलेली कळ

परंतु प्रत्येक आठवण हितकर नसते. येथे आरंभीच्या प्रश्नाकडे यावयाचे. आमांश होऊन गेल्यावर पोटाचे दुखणे मागे राहते, ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. १९६२ साली ऑक्सफर्ड येथील चौधरी व ट्रुलव यांनी अशा चिवट पोटदुखीच्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे चौथाई रुग्णांनी आपल्या दुखण्याचा आरंभ हगवणीपासून सांगितला. पुढे कॅनडातील वॉकर्टन या गावी २००० सालच्या मे महिन्यात पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळले, दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. त्या गावातील लोकांची पुढे अनेक वर्षे पाहणी झाली. संसर्ग झालेल्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक लोकांत हे चिवट दुखणे उद्भवले, आणि आठ वर्षांनंतरही त्यांतील काहींची सुटका झालेली नव्हती. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्या असता संसर्गजन्य हगवणीनंतर दहांपैकी सुमारे एका रुग्णाला वर्षभराने हा त्रास असतो, असा हिशेब निघतो. या विकाराला इंग्रजीत इरिटेबल बॉवेल सिंड्रोम असे नाव आहे.

जंतू निघून गेल्यावर दुखते काय, याचा एक खुलासा बेल्जियममधील लूव्हेन येथील शास्त्रज्ञांनी २०२१ साली केला. उंदरांना संसर्ग झालेला असतानाच त्यांच्या खाण्यात एक विशिष्ट प्रथिन दिले. संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर तेच प्रथिन पुन्हा दिले, तेव्हा उंदरांना पोटदुखी झाली. लढाईच्या धुमाळीत संरक्षक पेशींनी निरपराध अन्नालाही शत्रूच्या यादीत नोंदवून ठेवले होते. ते अन्न पुन्हा दिसताच आतड्याच्या भिंतीतील मास्ट पेशी हिस्टमिन सोडीत आणि वेदनातंतू जागे होत. हा सारा प्रकार आतड्यापुरता असल्यामुळे रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत त्याचा मागमूस लागत नसे. माणसांतही त्यांनी हे ताडून पाहिले. गहू, दूध, सोयाबीन इत्यादींचे अंश आतड्याच्या शेवटच्या भागातील अस्तरात टोचले असता, या विकाराच्या १२ रुग्णांपैकी बाराही जणांत प्रतिक्रिया उमटली. निरोगी ८ जणांपैकी ती केवळ दोघांत उमटली. संख्या लहान आहे आणि प्रत्येक रुग्णाचे कारण हेच असेल असे नाही. तथापि एक गोष्ट यातून निर्विवाद ठरते: तपासणीत जखम न दिसणे आणि वेदना नसणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुर्बीण अस्तराचा रंग दाखविते. मज्जातंतू किती हळवा झाला आहे, हे ती दाखवू शकत नाही.

मनाचा या दुखण्याशी संबंध नाही, असे मात्र समजू नये. व्हेगस तंतू दोन्ही दिशांनी चालतो. चिंता, शोक, जागरण यांनी हळवे झालेले आतडे अधिक हळवे होते, आणि सतत दुखणाऱ्या आतड्याची वार्ता मनाला खिन्न करते. सौंसर तालुक्यातील जामसावळीच्या मारुतीच्या दर्शनाला श्रद्धाळू लोक शरीराच्या व मनाच्या व्याधी एकाच पायरीवर घेऊन येतात. शरीरशास्त्रालाही या दोहोंमध्ये भिंत सापडलेली नाही. ज्याला "मनाचे" म्हणून झिडकारले जाते ते देहातही घडत असते. म्हणून दिलासा हा उपचाराचाच भाग आहे, आणि अविश्वास हा दुखण्यात घातलेली भर आहे.

व्यवहारातील बोध

ज्ञान आचरणात उतरले नाही तर व्याख्यान व्यर्थ होय. म्हणून चार गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, हगवण लागताच पाणी बंद करू नये. क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर शुद्ध पाण्यात कालवून थोडे थोडे पाजावे. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. भाताची पेज, ताक, अंगावरचे दूध चालू ठेवावे. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा ते चौदा दिवस जस्ताची गोळी द्यावी, आणि रोटाव्हायरसची लस वेळेवर पाजून घ्यावी. ती राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०१९ मध्ये देशभर पोहोचली.

दुसरी गोष्ट, हगवण ताबडतोब थांबविणारी लोपेरामाइडसारखी गोळी आतड्यांच्या मज्जाजालालाच झोपविते. शौचातून रक्त पडत असता, अंगात ताप असता, किंवा रुग्ण लहान मूल असता ती आपल्या मनाने कदापि देऊ नये. कारण अशा वेळी जंतू व त्यांचे विष आतच कोंडले जाण्याचा धोका असतो. डोळे खोल जाणे, लघवी न होणे, ग्लानी येणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

तिसरी गोष्ट, दुखणे बरे झाल्यावर मागे राहिलेल्या पोटदुखीची टवाळी करू नये. रक्त पडणे, वजन घटणे, रात्री झोपेतून उठविणारी हगवण, वारंवार ताप, अंगावर रक्त नसणे यांपैकी काही असेल तर निराळा रोग असण्याचा संभव असतो. तेव्हा पूर्ण तपासणी व्हावी. यांपैकी काही नसेल तर रुग्णाला त्याच्या दुखण्याचे स्वरूप समजावून सांगावे, कोणत्या अन्नाने कळ येते ते पाहून तेवढेच टाळावे, आणि काळाची मदत घ्यावी. पुष्कळांचे दुखणे हळूहळू ओसरते.

चौथी गोष्ट पंगतीची. मठ, मंदिरे व यात्रा यांच्या अन्नदानात हजारो लोक एका पाण्याने व एका कढईतून जेवतात. तेथील विहिरीत औषध पडले की नाही, वाढणाऱ्याने हात धुतले की नाही, दुपारचा भात रात्रीपर्यंत तसाच राहिला की काय, या बाबी क्षुल्लक वाटतात. परंतु आतडे त्या विसरत नाही. एका दिवसाच्या हयगयीची आठवण एखाद्याच्या पोटात पुढे आठ-आठ वर्षे राहू शकते, हे वॉकर्टनने दाखवून दिले आहे. उलटपक्षी, उकळून गार केलेले पाणी आणि चुलीवरून थेट पानात आलेले गरम अन्न यांनी जे दुखणे टळते, त्याची कोठेही नोंद होत नाही. तरी ते पुण्य अन्नदानाच्या पुण्याहून वेगळे नाही.

आतड्यांना जाण आहे. ती शत्रूला ओळखतात, मित्राला सांभाळतात, लढतात, आवरतात आणि लक्षात ठेवतात. त्यांच्या या जाणिवेचा मान राखणे म्हणजे पाणी शुद्ध ठेवणे, औषध विचाराने घेणे, आणि ज्याचे पोट दुखते त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे होय.